स्थौल्यचिकित्सेंतील यव : एका अवग्रहाचा प्रश्न

वैद्यकाच्या पोथ्या आपल्याकडे पुष्कळ सांपडतात; परंतु त्या पाहण्याची आपली रीत ठरून गेली आहे. पुष्पिका वाचावी, लेखनकाल व लेखकाचें गांव टिपून घ्यावें, पानें मोजावीं आणि पोथी पुन्हां रुमालांत बांधून ठेवावी. आंतील मजकूर छापून निघालेलाच आहे, तेव्हां तो पुन्हां कशाला वाचावयाचा, असा आपला समज असतो. हा समज किती तोट्याचा आहे हें एका अगदीं लहान उदाहरणावरून दाखवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. उदाहरण धान्याचें आहे. आणि तेंही यवासारख्या, आपल्या नित्याच्या ताटांतून जवळजवळ नाहींशा झालेल्या धान्याचें.

अंगांत मेद फार वाढलेल्या माणसाला प्राचीन वैद्यकानें यव खावयास सांगितले आहेत. यांत कोणाचाहि मतभेद नाहीं. प्रश्न आहे तो पुढचा : यव पचावयास जड म्हणून सांगितले, कीं हलके म्हणून? चरकसंहितेच्या छापील प्रतीवरून याचें एक उत्तर मिळतें, अष्टांगहृदयाच्या छापील प्रतीवरून नेमकें उलट मिळतें. आणि या दोहोंमधील अंतर केवळ एका अवग्रहचिन्हाचें आहे.

प्रथम रोगाची कल्पना पाहूं. चरकाच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायास ‘अष्टौनिन्दितीय’ असें नांव आहे. आठ प्रकारचीं शरीरें लोकांत निंद्य मानलीं जातात, असें म्हणून तेथें फार उंच व फार ठेंगणा, अंगभर केंस असलेला व मुळींच नसलेला, फार काळा व फार गोरा, फार लठ्ठ व फार कृश अशा जोड्या दिल्या आहेत. पहिल्या सहांना ग्रंथकार तेथेंच सोडतो व चिकित्सेचा सर्व विचार शेवटच्या दोघांपुरता करतो. स्थूलाचे आठ दोष त्यानें मोजले आहेत : आयुष्य घटणें, हालचालींत मंदपणा, मैथुनांत कष्ट, दुबळेपणा, अंगाला दुर्गंध, घामाचा त्रास, अतिशय भूक आणि अतिशय तहान. शेवटचे दोन वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. कारण पुढील सगळी चिकित्सा त्यांवर उभी आहे.

ग्रंथकाराची उपपत्ति अशी. मेदानें शरीरांतील मार्ग अडले कीं वायु कोठ्यांतच फिरूं लागतो. तो जठराग्नीला फुंकर घालतो. अग्नि भडकून खाल्लेलें अन्न झपाट्यानें पचवितो. आणि माणूस पुन्हां खावयास मागतो. जेवणाची वेळ टळली तर अग्नि व वायु हे दोघे मिळून, वणव्यानें रान जाळावें तसे त्याला जाळतात, असा दृष्टांत तेथें दिला आहे. खादाड म्हणून स्थूल, एवढ्यावर चरक थांबत नाहीं; स्थूल झाला म्हणूनच तो अधिक खादाड होतो, हेंहि तो सांगतो. अशा रोग्याला नुसतें उपाशी ठेवावें तर भडकलेला अग्नि त्यालाच खाईल. पोटभर घालावें तर मेद वाढेल. म्हणूनच स्थूल व कृश या दोघांत कृश बरा, असें त्याचें मत आहे. या पेंचांतून निघण्यासाठीं त्यानें एक सूत्र दिलें आहे. स्थूलाला जें ‘गुरु’ असून ‘अतर्पण’ असेल तें द्यावें. कृशाला जें ‘लघु’ असून ‘संतर्पण’ असेल तें द्यावें. गुरु म्हणजे पचावयास वेळ लावणारें, अतर्पण म्हणजे शरीराची भर न करणारें. अग्नीला काम मिळावें, पण मेदाच्या हातीं कांहीं लागूं नये, अशी ही युक्ति आहे.

त्यानंतर आहाराची यादी येते. प्रशातिका, प्रियंगु म्हणजे आपले राळे, श्यामाक म्हणजे सांवा, यवक, यव, जूर्णाह्व, कोद्रव, मूग, कुळीथ, चक्रमुद्गक आणि तुरीचे दाणे. बरोबर पटोल व आंवळे. आणि वरून पिण्यास मधाचें पाणी. यांतील जूर्णाह्व म्हणजे ज्वारी, असें समजतात. ज्या देशांत भाकरी हेंच अन्न, तेथील वाचकाला आपल्या रोजच्या धान्याचें नांव औषधांच्या यादींत पाहून थोडी गंमत वाटेल. आहाराबरोबर जागरण, व्यायाम व चिंतन हींहि क्रमाक्रमानें वाढवावींत असें सांगितलें आहे. चिंतनानें मेद झडतो हें खरें असतें, तर आम्हां संशोधकांत एकहि स्थूल पुरुष दिसता ना.

या यादीच्या अगोदर कांहीं औषधी योग आले आहेत. विडंग, सुंठ, क्षार, काळ्या लोखंडाचें चूर्ण, मध आणि यव व आंवळा यांचें चूर्ण, हा प्रयोग तेथें श्रेष्ठ म्हटला आहे. म्हणजे औषधांत यव आहेत आणि जेवणाच्या यादींतहि यव आहेत. इतर धान्यांपैकीं कोणाला हा दुहेरी मान मिळालेला नाहीं. येथें एक सावधगिरीची सूचना करून ठेवतों. यव आणि यवक हीं दोन निराळीं धान्यें आहेत. याच सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायांत शूकधान्यांमध्यें सर्वांत अपथ्यकर म्हणून यवकाचें नांव घेतलें आहे. तोच यवक येथें स्थूलाला मात्र चालतो. पोथींत एखादा ‘क’ गळला किंवा अधिक पडला, तर पथ्याचें अपथ्य होईल.

त्याच पंचविसाव्या अध्यायांत, ज्या त्या कामांत अग्रेसर असलेल्या पदार्थांची प्रसिद्ध मालिका आहे. तींत यवाला स्थान मिळालें आहे तें मळ उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत पहिलें म्हणून. हें विशेषण वाचून कोणी नाक मुरडील; पण इतिहासाच्या दृष्टीनें तें फार मोलाचें आहे. खाल्लेल्या धान्याचा मोठा भाग शरीरांत न मुरतां बाहेर जातो, हें निरीक्षण त्यांत आहे. आज आपण ज्याला चोथा म्हणतों, त्याची ही जुनी नोंद होय. प्रमेहाच्या चिकित्सेंत, म्हणजे चिकित्सास्थानाच्या सहाव्या अध्यायांत, हेंच निरीक्षण आणखी एका विलक्षण रूपानें येतें. प्रमेही माणसाचा आहार यवप्रधान असावा, असें सांगून तेथें गाढव, घोडा, गाय इत्यादि प्राण्यांच्या पोटांतून गेलेल्या यवांचे पदार्थ करावे असेंहि म्हटलें आहे. प्राण्याच्या कोठ्यांतून जाऊनहि जें धान्य दाणा म्हणून हातीं लागतें, तें माणसाच्या मेदाला काय भर घालणार, असा विचार या विधानामागें असावा, असें मला वाटतें. आधुनिक वाचकाला हा प्रयोग किळसवाणा वाटला तरी विचाराची दिशा स्पष्ट आहे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. चरकाच्या सत्ताविसाव्या, अन्नपानविधीच्या अध्यायांत यवाचे गुण दिले आहेत. रूक्ष, शीत, गोड, पुष्कळ वायु व मळ करणारा, स्थिरता देणारा, तुरट, बळ देणारा आणि कफाचे विकार घालविणारा, असें तें वर्णन आहे. त्यांत ‘शीतः’ या पदानंतर येणारें पद वादाचें आहे. तें ‘गुरुः’ धरलें तर संधि होऊन ‘शीतो गुरुः’ असें होतें. ‘अगुरुः’ धरलें तर ‘शीतोऽगुरुः’ असें होतें. उच्चारांत दोहोंमध्यें तिळमात्र भेद नाहीं. अक्षरांची संख्या तीच, मात्रा त्याच. म्हणून छंदहि साक्षीला येत नाहीं. पोथ्यांतून शब्द तोडून लिहीत नसत, व अवग्रह तर लेखकाच्या मर्जीवर असे. कोणी देई, बहुतेक देत नसत. तेव्हां ज्या प्रतींत अवग्रह नाहीं तेथें यव जड कीं हलका, हें केवळ अक्षरांवरून ठरवितां येत नाहीं. आणि जेथें अवग्रह आहे तेथें तो मूळच्या लेखकानें दिला, कीं मागाहून एखाद्या पढिकानें घुसडला, हें शाई पाहूनच ठरवावें लागेल.

मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानें यादवजी त्रिकमजी आचार्य यांनीं संपादिलेली चक्रपाणीच्या टीकेसह चरकसंहिता १९४१ सालीं काढली. तीच प्रत पुढें सर्वत्र प्रमाण मानली गेली. तींत अवग्रह आहे. म्हणजे यव हलका. परंतु टीकाकार चक्रपाणि स्वतः इतका निःशंक नव्हता. त्याच्या विवेचनाचा आशय असा : यव गुरु असूनहि वायु वाढवितो तो रूक्षपणामुळें, किंवा सुश्रुतांत यव लघु म्हटला असल्यामुळें येथेंहि ‘अगुरु’ असें समजावें. हा ‘किंवा’ फार बोलका आहे. अकराव्या शतकांतील हा चतुरस्र पंडित, हातांत आजच्यापेक्षां जुन्या प्रती असतां, प्रथम ‘गुरु’ धरून अर्थ लावतो आणि मग दुसऱ्या ग्रंथाशीं मेळ बसावा म्हणून ‘अगुरु’चा पर्याय सुचवितो. छापील पाठांत अवग्रह आला तो या दुसऱ्या पर्यायाला धरून आला असावा, असा माझा तर्क आहे.

याला दुसरीकडून एक पुष्टि मिळते. एकविसाव्या अध्यायांतील ‘गुरु व अतर्पण’ या सूत्राला उदाहरण देण्याची वेळ आली तेव्हां चक्रपाणीनें मधाचें नांव घेतलें. मध जड असल्यामुळें वाढलेल्या अग्नीला पुरून उरतो, आणि अतर्पण असल्यामुळें मेद नष्ट करतो, असें तो म्हणतो. त्या ठिकाणीं यादींत यव समोर असतांना त्याला मधाकडे कां जावें लागलें? यवाला अगुरु मानण्याकडे मन झुकल्यावर तो गुरूच्या उदाहरणास उपयोगी पडत नाहीं, हें उघड आहे. अर्थात् एखादें उदाहरण घेतलें नाहीं एवढ्यावरून फार मोठा निष्कर्ष काढूं नये. पण दोन्ही स्थळें एकत्र वाचलीं म्हणजे टीकाकाराच्या मनांतील अडचण दिसते.

इतर ग्रंथांची साक्ष थोडक्यांत पाहूं. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील पंधराव्या अध्यायांत स्थौल्यावर शिलाजित, गुग्गुळ, गोमूत्र, त्रिफळा, लोखंडाचें चूर्ण, रसांजन व मध यांच्या जोडीला यव, मूग, कोरदूषक, श्यामाक व उद्दालक हीं धान्यें आलीं आहेत. आणि सेहेचाळिसाव्या अध्यायांत यवाच्या गुणांत तो स्थूलाला खरवडून काढणारा, मेद व तहान घालविणारा, अतिशय रूक्ष असा सांगितला आहे. स्थूलाच्या आठ दोषांत अतितृषा होती, हें येथें आठवावें. वाग्भटानें अष्टांगहृदयाच्या चौदाव्या अध्यायांत चरकाचेंच सूत्र उचललें असून कुळीथ, ज्वारी, सांवा, यव, मूग व मधाचें पाणी अशी आटोपशीर यादी दिली आहे. त्यानेंच सहाव्या अध्यायांत यवाचे गुण देतांना वापरलेलें पद छापील प्रतींत ‘गुरु’ असें आहे. पण मौज अशी कीं, तेथेंहि त्या पदाच्या आधीं ‘शीतः’ हेंच पद असल्यामुळें संधीचा घोंटाळा जशाचा तसा कायम आहे. सोळाव्या शतकांतील भावमिश्राच्या भावप्रकाशांत आधीचें पद निराळें आहे. तरी तेंहि ओकारान्त झालेलें असल्यामुळें अवग्रह घातला तर तेथेंहि अर्थ उलटतो. तेथें छापील पाठ ‘गुरु’ असाच आहे. अष्टांगहृदयावर देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्रि यानें ‘आयुर्वेदरसायन’ नांवाची टीका लिहिली. अकोल्याचे हरिशास्त्री पराडकर यांच्या संस्करणांत ती अरुणदत्ताच्या टीकेसह १९३९ सालीं निर्णयसागरांत छापली गेली. मोडी लिपीचें जनकत्व परंपरेनें ज्याच्या नांवावर घातलें आहे, तोच हा पुरुष. महाराष्ट्रांतील वैद्यकपोथ्या धुंडाळणाऱ्यानें त्याला विसरूं नये.

माझें मत मी येथें स्पष्ट लिहितों. चरकाचा मूळ पाठ ‘गुरु’ असावा. चक्रपाणीचा पहिला अर्थ त्या पाठावर आहे. चरकाचा मागोवा घेणाऱ्या वाग्भटाच्या छापील प्रतींत तोच पाठ आहे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे चिकित्सेचें सूत्र त्याच पाठानें जुळतें. यव लघु असता तर भडकलेल्या अग्नीसमोर तो क्षणभरहि टिकता ना, व स्थूलाला लगेच पुन्हां भूक लागती. उलट बाजूनें असें म्हणतां येईल कीं, त्याच यादींतील मूग सर्वसंमतीनें लघु आहेत, तेव्हां यादींतील प्रत्येक धान्य गुरु असलेंच पाहिजे असें नाहीं. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच मी ‘असावा’ एवढेंच म्हणतों. सूत्रस्थानाच्या पांचव्या अध्यायांत नित्य सेवन करण्याच्या पदार्थांत साठेसाळी, साळी, मूग, सैंधव व आंवळे यांच्याबरोबर यव येतो, यावरूनहि त्याला लघु ठरवितां येत नाहीं. कारण त्याच मालिकेंत दूध आणि तूपहि आहे.

येथवर दाण्याचा विचार झाला. पण यव खावयाचे कसे? पुष्कळ ठिकाणीं ते सक्तूच्या रूपानें येतात. यव भाजून, दळून केलेलें पीठ तें सक्तु. या सक्तूंविषयीं चरकाच्या तेविसाव्या अध्यायांत दोन योग जवळजवळ आले आहेत, आणि ते परस्परांच्या अगदीं उलट कामाचे आहेत. पहिला योग अतिपोषणानें झालेल्या रोगांवर आहे. त्यांत सुंठ, मिरीं, पिंपळी, विडंग, शेवगा, त्रिफळा, कुटकी, दोन्ही रिंगण्या, दोन्ही हळदी, पहाडमूळ, अतिविष, हिंग, ओंवा, धने, चित्रक वगैरे द्रव्यांचें चूर्ण, तेल, तूप व मध हीं चारी समभाग घ्यावयाचीं आणि सक्तु सोळापट. तो ज्या रोगांवर चालतो त्यांत प्रमेह आहे, आणि अतिस्थौल्यहि आहे. दुसरा योग क्षीण झालेल्या माणसाला भर घालण्यासाठीं आहे. त्यांत साखर, पिंपळी, तेल, तूप व मध समभाग आणि सक्तु दुप्पट.

या दोन योगांत सक्तु तेच; भेद आहे तो संख्येचा. पहिल्यांत सोळापट ही चाराही भागांपैकीं एकाची धरली, तर एकंदर वीस भागांत सोळा भाग पीठ पडतें आणि तेल, तूप व मध मिळून तीन भाग. दुसऱ्यांत दुप्पट ही एका भागाची धरली, तर सात भागांत पीठ अवघे दोन भाग, बाकी पांचांपैकीं चार भाग साखर, मध व स्नेह. म्हणजे एका ठिकाणीं पिठाला नांवापुरता ओलावा, दुसऱ्या ठिकाणीं गोड-तुपाला नांवापुरतें पीठ. लेखकाच्या हातून संख्यावाचक पद चुकलें, तर मेद झडविणारें औषध मेद वाढविणारें होईल. आणखी एक बारीक गोष्ट : मध आणि तूप समभाग एकत्र घेऊं नये, असें चरकच सव्विसाव्या अध्यायांत विरुद्धाहार सांगतांना म्हणतो, या योगांत मात्र तीं समभागच आहेत. इतर द्रव्यें मिसळल्यानें दोष राहत नाहीं, असें याचें समाधान करतात. पण एखाद्या सावध लेखकानें वा वैद्यानें आपल्या पोथींत हें प्रमाण बदललेलें असणें अशक्य नाहीं.

पहिल्या योगास पुढें ‘व्योषाद्य सक्तु’ असें नांव पडलें आणि चक्रपाणीनें आपल्या ‘चक्रदत्त’ या चिकित्साग्रंथांतील स्थौल्याधिकारांत तो घेतला. चक्रपाणीचा बाप नारायण हा गौडाधिपति नयपालाच्या पाकशाळेचा अधिकारी होता. राजाच्या मुदपाकखान्याच्या आश्रयानें वाढलेल्या पुरुषानें मेद झडविण्याचे योग जमवावे, हा योगायोग मोठा मार्मिक आहे. सक्तु कसे खाऊं नयेत याचे नियमहि चरकानें आठव्या अध्यायांत दिले आहेत : नुसते खाऊं नयेत, रात्रीं खाऊं नयेत, जेवणावर खाऊं नयेत, फार खाऊं नयेत. कारण, प्यालेले सक्तु माणसाला तत्काळ तृप्त करतात आणि तत्काळ बळ देतात, असेंहि त्यानें अन्यत्र सांगून ठेवलें आहे. पिठाला सर्वस्वीं अतर्पण समजण्याची चूक जुन्यांनीं केलेली नाहीं. ती आपण करतों.

कारण मराठीत या शब्दाचा प्रवास मोठा वांकडा झाला आहे. संस्कृत सक्तु म्हणजे पीठ. त्याचा मराठी अवतार सातू. पण मराठींत सातू म्हणजे खुद्द यव हें धान्यहि, आणि भाजलेल्या धान्याचें पीठहि. पिठावरून धान्याला नांव पडलें, यावरून एके काळीं हें धान्य आपल्याकडे मुख्यत्वें याच रूपांत खाल्लें जात असावें, असें अनुमान होतें. पुढें मात्र धान्य मागें पडलें आणि नांव उरलें. हल्लीं महाराष्ट्रांतील घरोघर जें सातूचें पीठ म्हणून होतें, तें बहुधा गहूं व डाळें यांचें असतें. त्यांत जिरें किंवा सुंठ घालतात, आणि तें गूळ घालून दुधांत किंवा पाण्यांत कालवितात. उत्तर हिंदुस्थानांतील सत्तू तर मुख्यतः हरभऱ्याचा. हीं पिठें चांगलीं आहेत, पौष्टिक आहेत. परंतु चरकाचें वचन त्यांना लावतां येत नाहीं, आणि गूळ-दूध घातल्यावर तीं पहिल्या योगापेक्षां दुसऱ्याच योगाच्या जवळ जातात. मेद कमी व्हावा म्हणून सातू खावा असा प्राचीन आधार देणाऱ्यांनीं प्रथम कोणता सातू, हें सांगितलें पाहिजे.

आपल्या संग्रहांतील मोडी बाडें वाचतांना ही अडचण दुप्पट होते. मोडींत ऱ्हस्वदीर्घाचा भेद नसल्यामुळें सातु व सातू यांत कांहीं निवड करतां येत नाहीं. माझा अनुभव असा कीं, जमाखर्चांत गहूं, हरभरा यांच्या ओळींत आणि पायली-मणाच्या मापांत सातू आला तर तें बहुधा धान्य समजावें. नुसख्यांत भाजणें, दळणें, कालविणें अशा क्रियापदांच्या शेजारीं आला तर पीठ. ‘जव’ हा शब्दहि तितकाच फसवा आहे. तो धान्याचें नांव आहे, तसाच वजनाचाहि आहे. मनुस्मृतीच्या मानांत सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक मध्यम यव आणि तीन यवांची एक गुंज होते. शिवाय नुसख्यांत जवखार येतो, तो यव जाळून काढलेला क्षार. ‘जव ३’ एवढाच उल्लेख असलेल्या नुसख्यांत औषधाचा भाग सांगितला आहे कीं औषधाचें वजन, हें पुढची ओळ वाचल्यावांचून ठरवूं नये.

सतराव्या शतकांतील एका ग्रंथाचा येथें उल्लेख अवश्य केला पाहिजे. नवहस्त घराण्यांतील रघुनाथ पंडितानें ‘भोजनकुतूहल’ नांवाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. व्यंकोजी राजाची राणी दीपाबाई हिचा त्याला आश्रय होता. धान्यें, पक्वान्नें, फळें यांचे गुणदोष पूर्वग्रंथांच्या आधारें त्यांत एकत्र केले आहेत. परशुराम कृष्ण गोडे यांनीं या ग्रंथाकडे संशोधकांचें लक्ष वेधलें व पुढें १९५६ सालीं तो त्रिवेंद्रमहून छापून निघाला. पूर्वग्रंथांतील वचनें उतरून घेणारे असे निबंध पाठनिश्चयासाठीं फार उपयोगी असतात. कारण त्यांच्या कर्त्यापुढें जी प्रत होती, ती आज नष्ट झालेली असूं शकते.

आधुनिक शास्त्र या धान्याविषयीं काय म्हणतें, तेंहि दोन शब्दांत सांगतों. टरफल काढलेल्या अख्ख्या यवांच्या शंभर ग्रॅममध्यें सुमारे सतरा ग्रॅम तंतु असतो. पांढऱ्या तांदळांत तो एक-दोन ग्रॅमहून अधिक नसतो. यवांतील बीटा-ग्लुकन नांवाचा विद्राव्य तंतु पाण्यांत चिकट होतो, त्यामुळें अन्न जठरांत अधिक वेळ राहतें आणि भूक उशिरा लागते. सुश्रुतानें यवाला पिच्छिल, म्हणजे बुळबुळीत, म्हटलें आहे, तें येथें सहज आठवतें. हा तंतु केवळ कोंड्यांत नसून दाण्याच्या गाभ्यांतहि पसरलेला असतो, म्हणून पॉलिश केलेल्या दाण्यांतहि तो बराच उरतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानें २००६ सालीं यवाला जी मान्यता दिली ती रक्तांतील कोलेस्टेरॉलसंबंधीं, वजनासंबंधीं नव्हे. चिकट तंतूंच्या बासष्ट प्रयोगांचें एक संकलन २०२० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत अन्न कमी न करतां केवळ असे तंतु घेतल्यानें वजनांत पडलेला सरासरी फरक किलोच्या सुमारें एक-तृतीयांशाचा आहे. यव एकटा मेद झडवितो असें यावरून म्हणतां येत नाहीं; आणि चरकानेंहि तसें म्हटलेलें नाहीं. त्यानें यवाबरोबर व्यायाम, जागरण आणि दीर्घकाळचें पथ्य सांगितलें आहे.

उशिरा पचणारें आणि थोडें पोसणारें असें हें वर्णन ‘गुरु व अतर्पण’ या सूत्राच्या फार जवळ येतें, हें खरें. पण त्यावरून ‘म्हणून पाठ गुरु असाच’ असा निकाल देणें मला मान्य नाहीं. प्रयोगशाळेच्या साक्षीनें धान्याचा गुण ठरेल. शेंकडों वर्षांपूर्वींच्या लेखकानें कोणतें अक्षर लिहिलें तें ठरणार नाहीं. तें पोथ्यांवरूनच ठरलें पाहिजे.

म्हणून संग्राहकांस विनंती अशी. ज्यांच्याजवळ चरकाच्या सूत्रस्थानाची किंवा अष्टांगहृदयाची हस्तलिखित प्रत असेल, त्यांनीं चरकाचा सत्ताविसावा आणि हृदयाचा सहावा अध्याय काढून यवाच्या गुणांची ओळ पाहावी. अवग्रह आहे कीं नाहीं. असल्यास त्याची शाई व जाडी शेजारच्या अक्षरांसारखीच आहे, कीं तो मागाहून दोन अक्षरांच्या फटींत बसविलेला आहे. त्या जागीं हरताळ लावलेला आहे काय. समासांत ‘गुरु’ किंवा ‘लघु’ अशी टीप आहे काय, हें लिहून ठेवावें. तेविसाव्या अध्यायांतील दोन योगांच्या संख्या अक्षरांत आहेत कीं समासांत आंकड्यांनींहि दिल्या आहेत, हेंहि पाहावें. प्रतीचा लेखनकाल व स्थळ पुष्पिकेंतून उतरून घ्यावें, आणि पानाची प्रतिमा घेतांना त्या एका ओळीची न घेतां संपूर्ण पानाची घ्यावी. लेखक इतरत्र अवग्रह देतो कीं नाहीं हें त्याच पानावरून कळतें.